सहावं टेबल

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचं पत्र आलं. 'परदेशातल्या मराठी शास्त्रज्ञ स्त्रिया' या विभागासाठी माझे अनुभव हवेत म्हणे. त्यांचा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मी शास्त्रज्ञ नव्हते. एडिनबरातल्या एका विद्यापीठात, जेनेटिक्सच्या डिपार्टमेंटमध्ये, मी बावीस वर्षं माश्यांचा स्वयंपाक केला. माझ्या खोलीच्या दारावर तशी पाटीच होती, 'फ्लाय किचन'. शास्त्रज्ञ वरच्या मजल्यावर बसायचे.

अशा लेखांत 'कामाने मला अपार समाधान दिलं' असं लिहायची पद्धत आहे. मलाही दिलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्यातली निम्मी वर्षं मी जळण्यात घालवली. तेही कोणा बरोबरीच्या माणसावर नाही, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांवर. आता गुडघे बदलून झाले, हे कबूल करायला लाज वाटण्याचं वय गेलं.

आधी काम काय होतं ते सांगते. पिकलेल्या केळ्यांवर जी चिलटं जमतात ती फळमाशी. आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात हे शिकायला तिच्यासारखा सोयीचा जीव नाही. अंडं, अळी, कोष आणि माशी असा सगळा संसार ती पंधरवड्यात उरकते. राहते काचेच्या बोटभर उंचीच्या बाटलीत. तळाशी तिचं जेवण आणि तोंडाला कापसाचा बोळा. ते जेवण मी रांधायचे. मक्याचं पीठ, यीस्ट, ट्रीकल म्हणजे आपली काकवीच, आणि सगळं थिजावं म्हणून अगर, म्हणजे चायना ग्रास. मोठ्या पातेल्यात ढवळत राहायचं, तळाला लागू द्यायचं नाही, आणि गरम आहे तोवर शेकडो बाटल्यांत ओतायचं. सासूबाई एकदा इथे आल्या होत्या तेव्हा त्यांना हौसेने दाखवायला नेलं. त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "यात वेलची नाही घालत?" त्या काळी एडिनबरात बिअरच्या भट्ट्यांचा वास गावभर पसरलेला असायचा. त्यामुळे माझ्या कोटाला येणारा यीस्टचा वास बसमध्ये कोणाच्या लक्षात यायचा नाही.

मी पुण्याची बी.एस्सी., प्राणिशास्त्र, पहिला वर्ग. एम.एस्सी.ला नाव घातलं त्याच महिन्यात लग्न ठरलं. हे इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट होते. मी रडले वगैरे नाही, लग्न मला हवंच होतं. एम.एस्सी. काय, नंतर करता येईल असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले. इथे आल्यावर टेक्निशियनची जागा निघाली ती घेतली, आणि 'नंतर' कधी येतंय याची वाट बघत पातेलं ढवळू लागले.

आता उन्हाळ्याच्या संशोधनाची भानगड. स्कॉटलंडमध्ये डिग्री चार वर्षांची. तिसरं वर्ष संपलं की मोठी सुट्टी लागते. ज्याला पुढे पीएच.डी. करायची आहे त्याने त्या सुट्टीत आठ-दहा आठवडे एखाद्या प्रोफेसरच्या लॅबमध्ये काढायचे. एक छोटासा प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर स्वतःच्या हातांनी शोधायचं. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न तोच, उन्हाळ्यात कुठे काम केलंस?

पण या जागा मिळवायच्या कशा, हे कुठेच लिहिलेलं नसायचं. जिन्याखाली एक नोटीसबोर्ड होता, त्यावर मागच्या वर्षीचे पिवळे पडलेले कागद आणि कोणाची तरी विकायची सायकल. खरी रीत अगदी सोपी होती. फेब्रुवारीत प्रोफेसरांचं दार ठोठावायचं आणि म्हणायचं, मला तुमच्याकडे काम करायचंय. बस्स. ज्यांच्या घरात बाप-काका असेच शिकले होते त्या पोरांना हे दुधाबरोबर पाजलेलं असायचं. बाकीची पोरं नोटीसबोर्डासमोर उभी. न बोलावता कोणाच्या दारात जाऊ नये असं त्यांना शिकवलेलं.

प्रोफेसर मॅकफी आमचे हेड. उंच, किडकिडीत, समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीशी बोलायचे. त्यांना पोरगं पसंत पडलं की ते एका चिठ्ठीवर त्याचं नाव लिहीत आणि माझ्याकडे पाठवत. कारण टेबल आहे की नाही, माश्यांचं जेवण पुरेल की नाही, हे मला माहीत. मी चिठ्ठीवर टेबलाचा नंबर घालायचे आणि किल्ली द्यायचे. माझ्या आकड्याशिवाय कोणी माशीला हात लावू शकत नसे. सत्ता एवढीच, पण ती मी मनसोक्त वापरली.

नमुने एकेक यायचे. टोबी नावाचा एक होता, केस कपाळावर, आवाज सभेत बोलल्यासारखा. त्याने पहिल्याच टर्मला दार ठोठावून टेबल नंबर एक मिळवलं. मला येऊन विचारतो, "सगळ्यात लवकर संपणारा प्रोजेक्ट कुठला?" दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना चाळीस बाटल्यांचे बोळे काढून ठेवून गेला, म्हणे माश्यांना हवा लागावी. संध्याकाळपर्यंत मजला भरून माश्या. सेक्रेटरीबाई सँडविच हातात धरून खिडकीत उभ्या होत्या. मी आठवडाभर केळ्याच्या साली ठेवून सापळे लावले. टोबी मात्र अहवालाच्या शेवटी आभार मानून गेला, त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं.

आणि एक इयन. फाइफकडच्या खाणकामगाराचा मुलगा, बुटांना कायम चिखल. रोज सकाळी नोटीसबोर्ड वाचायचा. पंधरा दिवस ते पाहून माझा जीव वर-खाली झाला. शेवटी ट्रॉली त्याच्या पायाशी थांबवून म्हटलं, "इथे काही लागणार नाही. वर जा, डावीकडचं दुसरं दार, ठोठाव." त्याने विचारलं, "काय म्हणू?" म्हटलं, "जे बोर्डाला म्हणतोयस तेच." त्याला टेबल मिळालं. आज तो कुठेतरी प्रोफेसर आहे आणि नाताळला कार्ड पाठवतो. हे मुद्दाम सांगतेय. पोरांना वाट दाखवायला मला एक मिनिट लागायचं, आणि मी ती दाखवायचे. दाखवून झाली की घरी येऊन भांडी आपटायचे. ह्यांना कळायचं, आज कोणाला तरी किल्ली दिली.

कारण किल्ली घेतली की ही पोरं काय करायची? स्वतःचा एक प्रश्न विचारायची. चुकीचा, अर्धवट, कसाही, पण स्वतःचा. आणि मी त्यांच्या प्रश्नाला जेवण पुरवायचे.

टेबलं पाच, असं मी दरवर्षी सांगायचे. खरं तर सहा होती. सहावं माझ्या किचनला लागून, खिडकीखाली, कपाटाच्या आडोशाला. ते मी कोणाला दिलं नाही, कारण ते माझं होतं.

फळमाशीची अळी मोठी झाली की जेवण सोडते, काचेवर चढते आणि तिथे स्वतःभोवती कोष करते. कोणी जेवणाला चिकटून करते, कोणी वर जाऊन. एकदा बाटल्या बदलताना मला दिसलं की एका बाटलीतल्या जवळजवळ सगळ्याच वर चढल्यात, पार कापसाच्या बोळ्यापर्यंत. का? मी ती बाटली फेकली नाही. सगळ्यात वरचे कोष वेगळे काढले, त्यांची पोरं वाढवली, त्यांतले पुन्हा सगळ्यात वरचे. आठ वर्षं. रोज जेवणाच्या सुट्टीत एका हातात सँडविच आणि दुसऱ्या हातात फूटपट्टी. एका शाळेच्या वहीत उंच्या लिहिलेल्या. बाटल्यांवर मी देवनागरीत लेबल लावायचे, 'माझ्या'. म्हणजे साफसफाई करणारीने फेकू नयेत, आणि कोणी वाचूही नये. वर्षागणिक त्या अधिकाधिक उंच चढत होत्या. कोणाला सांगायचं? टेक्निशियनबाईने आपला प्रयोग चालवलाय, हे कानावर गेलं असतं तर लोक हसले असते असं मला वाटायचं. विचारून पाहायचं मात्र सुचलं नाही.

मृणाल पेडणेकर आली ती नव्वदच्या सुमाराला. लंडनजवळच्या हाउन्सलोची मुलगी, जन्म इथलाच, वडील विमानतळावर कार्गोत, आई दुकानात. तिसऱ्या वर्षाच्या यादीत तिचं नाव पाहिलं होतं, पण मी ओळख काढली नव्हती. त्या हिवाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बाटल्या दोन कमी पडल्या. घाईत मी माझ्या टेबलावरच्या दोन जास्तीच्या घेतल्या, लेबल सोलून काढलं आणि ट्रेमध्ये ठेवल्या. तीस पोरांत कोणाला काय कळतंय!

मी माश्यांना गुंगी आणायच्या इथरच्या बाटल्या वाटत होते. मागून आवाज आला, "हिच्यातले सगळे कोष वर आहेत आणि तिच्यातले खाली. का?"

शिकवणारा पोरगा म्हणाला, "जेवण ओलं झालं असेल."

"नाही," ती म्हणाली. "जेवण दोन्हीकडे सेम आहे. एकाच माणसाने बनवलंय, त्याच दिवशी. हे माश्यांमधलंच काहीतरी आहे."

आठ वर्षांत माझ्या माश्यांकडे पाहून 'का' म्हणणारं जगात दुसरं कोणी भेटलं नव्हतं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मला जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, हिने दहा मिनिटांत पाहिलं. मला आठ वर्षं लागली, फूटपट्टी लागली, आडोसा लागला. आता ही वर जाईल, दार ठोठावेल, हिला टेबल मिळेल, हिचं नाव छापून येईल, आणि मी हिला बाटल्या धुऊन देईन. आपल्यातली, आपल्या भाषेतली, हे तर आणखीच झोंबलं. टोबीला मिळालं तर तो टोबीच होता. हिला मिळालं म्हणजे मलाही मिळू शकलं असतं.

फेब्रुवारीत ती आलीच. मी पातेल्याशी होते. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, निळा, वर किल्ल्याचं चित्र.

"काकू, आत येऊ? मी मृणाल. हाउन्सलोची. माझा मम्मी चिवडा पाठवला. ती म्हणाली, तिकडे एक मराठी लेडी आहेत ना, त्यांना दे."

"ठेव तिथे."

"आणि प्रोफेसर मॅकफीनी हा स्लिप दिला." तिने चिठ्ठी पुढे केली. "त्या बाटल्यांचं मी त्यांना सांगितलं ना, की ते अळ्या वर का जातात. ते म्हणाले, फर्स्ट तुमच्याशी बोल, सगळं एक्सप्लेन कर, कारण तुम्ही..."

"टेबलाबद्दलच ना?"

"हो, टेबल पण, बट ही सेड..."

"पाचही भरली."

"वेटिंग लिस्ट असतो का?"

"नसतो. मी काय करू, टेबलं काय पातेल्यातून काढू?"

"नाही नाही. सॉरी हं काकू, तुम्हाला उगाच डिस्टर्ब केलं."

माफीसुद्धा तिनेच मागितली. मी चिठ्ठीवर 'टेबल नाही' लिहून वर पाठवली. त्या दिवशी पाचांतली तीनच भरली होती, सहावं धरलं तर तीन रिकामी. प्रोफेसरांनी काही विचारलं नाही. चिवडा मी घरी नेला. ह्यांनी ताटलीभर खाऊन विचारलं, "कोणी दिला?" म्हटलं, "एका विद्यार्थिनीच्या आईने." मीही खाल्ला. चांगला झाला होता.

तो उन्हाळा तिने हीथ्रोवर विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात काढला, हे मला पुढे दुसऱ्या मुलीकडून कळलं. मी ते ऐकलं आणि पातेलं ढवळत राहिले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिने दुसऱ्या इमारतीत बार्लीवर केला, आमच्याकडे फिरकली नाही.

राहता राहिला तो डबा. आपल्याकडे शेजारणीचा डबा कोणी रिकामा परत करतं का? मी घरी दहादा ठरवलं, त्यात काहीतरी करून घालावं आणि देऊन टाकावा. पण काय घालणार? बेसनाचे लाडू करायला घेतले की तिचं ते 'सॉरी हं' आठवायचं आणि डबा परत कपाटात जायचा. शेवटी तो मी कामावर नेला आणि सहाव्या टेबलावर ठेवला, आत कापसाचे बोळे भरले. वर्ष उलटून गेलं.

पुढच्या जूनमध्ये परीक्षा संपल्यावर एक दिवस मृणाल दारात उभी. "काकू, बाय म्हणायला आले. आणि मम्मी फोनवर सारखी विचारते, तो निळा डबा काकूंकडे राहिला का?"

"थांब, आणते," मी हात पुसत म्हणाले. पण ती इकडे-तिकडे बघत कपाटापर्यंत पोचलीही होती.

"तो का? तो खिडकीत?"

मी "अगं" म्हणेपर्यंत ती आडोशाच्या आत होती. डब्याला तिने हात लावला नाही. ती बाटल्यांसमोर वाकून उभी राहिली. हाउन्सलोच्या मुलीला देवनागरी वाचता येईल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिच्या आजीने रविवारी बसवून शिकवलं होतं म्हणे. बोट ठेवत एकेक अक्षर लावलं तिने.

"मा... झ्या. माझ्या." मग बाटलीतले कोष पाहिले, सगळे बोळ्याला चिकटलेले. वळून माझ्याकडे पाहिलं. "प्रॅक्टिकलचे ते दोन बाटली... ते ह्यातले होते?"

"हो."

"किती वर्षं?"

"तेव्हा आठ. आता नऊ होतील."

"हा टेबल पण तुमचा?"

मी मान डोलावली. ती रागावेल, निदान रडेल, असं वाटलं. मी दोन्हीची तयारी केली होती. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काकू, मला सांगायचं ना. मी तुमच्याकडे काम केला असता."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "माझ्याकडे?"

"हो. तुमच्या हाताखाली. तुम्हाला ऑलरेडी इतका माहिती होता. मी फक्त मेजर केलं असतं." मग उठत म्हणाली, "एनी वे. आता इन्शुरन्सच्या ऑफिसमध्ये जॉब घेतला, इथेच एडिनबरामध्ये. पीएच.डी.ला दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झाला. दोघांनी विचारलं, समरमध्ये काय रिसर्च केलास? मी म्हटलं, ट्रे भरला."

ती हसली. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, डबा मी आणून देईन, रिकामा नेऊ नकोस. तिने मार्चमाँटमधल्या फ्लॅटचा पत्ता एका लेबलवर लिहून दिला आणि ती गेली.

मी पातेल्याखालची आच बंद केली. इतक्या वर्षांत मी अर्ध्यातून स्वयंपाक कधी सोडला नव्हता. जिना चढले. प्रोफेसर मॅकफींच्या खोलीत मी रोज जायचे, पण ट्रॉली घेऊन, दार उघडं असताना. त्या दिवशी दार बंद होतं. मी ते ठोठावलं. मनात आलं, इयनला सांगितलं होतं तेच आपण करतोय, तेही पहिल्यांदा.

"टेबलं पाच नाहीत," मी आत जाऊन म्हटलं. "सहा आहेत."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "माहीत आहे, मिसेस टिपणीस. ऑर्डर मीच दिली होती."

"मग इतकी वर्षं मी पाच म्हणायचे तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत?"

"सहाव्यावर तुम्ही काम करताय हे दिसत होतं. मला वाटलं, तयार झालात की याल. लेबलं मला वाचता येत नव्हती, तेव्हा म्हटलं, खाजगी असेल. असं कोणाला विचारू नये ना."

म्हणजे ते त्यांच्या सभ्यपणात वाट बघत होते आणि मी माझ्या. मध्ये फक्त एक जिना होता.

"आणि ती मुलगी? मिस पेडणेकर?"

"तिला मी तुमच्याकडे मुद्दाम पाठवलं. तिचा प्रश्न ऐकला आणि वाटलं, या इमारतीत याचं उत्तर एकाच माणसाकडे आहे. तुम्ही तिला शिकवाल, आणि त्या निमित्ताने तुमचंही काम बाहेर येईल. तिला मी तसं सांगितलं होतं. तुम्हाला नाही म्हणाली?"

'कारण तुम्ही...' एवढं तर ती म्हणाली होती. 'बट ही सेड' असंही म्हणाली होती. दोन्हीदा तिचं वाक्य मी तोडलं होतं.

"चिठ्ठीवर नकार आला, तेव्हा मला वाटलं तुम्हाला ती पसंत पडली नाही," प्रोफेसर म्हणाले. "तो तुमचा अधिकार होता."

मी खाली आले. पातेल्यातलं सगळं थिजून दगड झालं होतं. ते खरवडताना मी जे रडले ते एम.एस्सी. सुटली तेव्हाही रडले नव्हते. ज्या माणसाची मी इतकी वर्षं वाट पाहिली ती माझ्यासाठी चिवडा घेऊन आली होती, आणि ती माझं घ्यायला आलीय असं मी धरून चालले.

त्या शुक्रवारी मी रजा काढली आणि बेसनाचे लाडू केले. डबा घासूनपुसून भरला. डब्यात आणखीही काही द्यायचं मनात होतं, पण खाण्याच्या डब्यात ते ठेवायचं नाही एवढं मला कळतं, म्हणून ते कोटाच्या खिशात घेतलं. मार्चमाँटमधल्या त्या दगडी इमारतीचे चार जिने चढून मी दार ठोठावलं. मृणालने दार उघडलं, हातात टोस्ट.

मी घरून पाठ करून आले होते ते सगळं विसरले. म्हटलं, "मी तुला खोटं सांगितलं. टेबल होतं. मला तुझा हेवा वाटला."

"माझा?" ती म्हणाली. "काकू, माझ्याकडे काय होता?"

मी डबा तिच्या हातात दिला आणि खिशातून सहाव्या टेबलाच्या कपाटाची किल्ली काढली. "तुझं ऑफिस शनिवारी बंद असतं ना?"

तिने किल्ली लगेच घेतली नाही. आधी एक लाडू खाल्ला, सावकाश. मग म्हणाली, "दहा वाजता येऊ?"

तो उन्हाळा मी तिला परत देऊ शकले नाही. ती शास्त्रज्ञ झाली नाही. विम्याच्या ऑफिसात वर चढत गेली, आज मोठ्या हुद्द्यावर आहे, सुखात आहे असं सगळे म्हणतात. पण माझ्या नकारानंतर तिला टोबीसारखं पुन्हा दणकून दार ठोठावता आलं असतं, तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या वहीत लिहिलेला नाही आणि माझा पिच्छाही सोडत नाही. प्रोफेसर मॅकफींच्या मदतीने आमची दीड पानांची एक टीप पुढे एका छोट्या शास्त्रीय पत्रिकेत आली. दोघींची नावं होती. कोणाचं आधी घालायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, माझं.

दोन हिवाळे ती दर शनिवारी आली. माझ्यापेक्षा जलद मोजायची, चुका कमी करायची, आणि मला न सुचलेले प्रश्न विचारायची. दर शनिवारी माझ्या पोटात दुखायचं. पण पावणेदहाला जाऊन हीटर लावून ठेवायचे मीच.

एकदा ती निघून गेल्यावर मी बाटल्या मांडत होते. नव्या रांगेची लेबलं त्या दिवशी तिने लिहिली होती, पहिलीत असल्यासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत. प्रत्येक बाटलीवर तेच, 'माझ्या'. मी खोडायला पेन उचललं. थोडा वेळ हातात धरलं, मग टोपण लावून कोटाच्या खिशात ठेवलं आणि दिवा घालवला.